शंभर पौंडांची तलवार

तलवार म्हटली की आपल्या मनात काही ठरलेली चित्रे येतात. ती वाडवडिलांकडून आलेली असते, नाही तर राजाने भर दरबारात बहाल केलेली असते, नाही तर रणात शत्रूच्या हातून हिसकावलेली असते. पण दर्यावर्दी लोकांच्या इतिहासात अशाही काही तलवारी आहेत, की ज्या विमा उतरवणाऱ्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून, कारागिराकडून बनवून घेतल्या आणि लढवय्यांना दिल्या. त्यांचे दर ठरलेले होते. कप्तानाला शंभर पौंडांची, लेफ्टनंटला पन्नासची आणि त्याखालच्या मिडशिपमन वगैरे मंडळींना तीस पौंडांची. दुकानात लुगड्यांचे तीन भाव असावेत तसे.

या तलवारी लंडनच्या स्ट्रँड भागातला रिचर्ड टीड नावाचा कारागीर पुरवीत असे. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात त्यांतल्या काही आहेत आणि त्यांची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात. पाते किंचित वाकडे, निळसर झळाळीचे, त्यावर सोन्याचे नक्षीकाम आणि त्यातच ती कुणाला, कशाबद्दल दिली तो मजकूर कोरलेला. मूठ हस्तिदंताची. मुठीच्या पाठीवर सिंहाचे कातडे, बोटे झाकणारी कमान म्हणजे हर्क्युलिसची गदा आणि तिला विळखा घालून बसलेला साप. शंभर पौंडवालीचे म्यान सोनेरी मुलाम्याचे, बाकीच्यांची काळ्या चामड्याची. या सगळ्या चिन्हांचा अर्थ समजावून सांगणारा एक कागदही पेटीत घालून देत. मला त्या कागदाचे फार कौतुक वाटले. आम्ही मास्तर मंडळी कवितेखाली टिपा देतो, तसाच तो प्रकार.

आता ही वर्गणी कोण काढत होते? सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचे कॉफीचे दुकान होते. तिथे जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरवणारे जमत. पुढे दुकान गेले, नाव राहिले, आणि लॉइड्स म्हणजे सागरी विम्याची पेढी असे जगभर झाले. आपल्याकडेही हा व्यवहार अनोळखी नव्हता. आपल्या सावकारांची 'जोखमी हुंडी' असे. माल बंदराला सुखरूप लागला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडीही बुडाली. मे १८०३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध पुन्हा पेटले, आणि जुलैमध्ये लॉइड्सच्या सभासदांनी 'पॅट्रिऑटिक फंड' नावाचा निधी सुरू केला. जखमींना मदत, मेलेल्यांच्या विधवा-पोरांना मदत आणि शूरांना मानाची भेट, असे त्याचे उद्देश. तलवारी आल्या त्या या तिसऱ्या कलमातून.

त्यांतली शंभर पौंडांची एक तलवार नॅथॅनिएल डान्स नावाच्या माणसाला मिळाली. (आडनाव खरोखरच डान्स. घराणे कलावंतांचे होते. एक काका नामांकित चित्रकार, दुसरा वास्तुशिल्पी.) गंमत अशी, की हा राजाच्या आरमारातला अधिकारीच नव्हे. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मालवाहू जहाजाचा कप्तान. लढाई हा त्याचा धंदा नव्हता. चहा वाहून नेणे हा त्याचा धंदा.

डान्सचा जन्म १७४८ चा. १७५९ मध्ये, म्हणजे आपल्या हिशेबाने सहावीत असण्याच्या वयात, तो कंपनीच्या नोकरीत समुद्रावर गेला. त्या नोकरीत वर चढायला फार वेळ लागे. कप्तानाची जागा मोक्याची असे, कारण पगाराहून मोठी कमाई जहाजावर स्वतःचा माल नेण्याच्या परवानगीत होती. त्यामुळे त्या जागेसाठी वशिला, पैसा आणि धीर, तिन्ही लागे. डान्स भारताच्या फेऱ्या करीत राहिला. १७८० मध्ये तो 'रॉयल जॉर्ज' नावाच्या जहाजावर होता. ९ ऑगस्ट १७८० रोजी पोर्तुगालच्या सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळ स्पेन आणि फ्रान्सच्या संयुक्त आरमाराने या तांड्याला गाठले. त्रेसष्ट जहाजांपैकी पंचावन्न पकडली गेली, त्यांत 'रॉयल जॉर्ज'ही होते. डान्स कैदी म्हणून स्पेनला गेला. या एका दिवसात सुमारे पंधरा लाख पौंडांचे नुकसान झाले आणि लॉइड्समधल्या कित्येक विमेकऱ्यांचे दिवाळे वाजले.

हा प्रसंग लक्षात ठेवायला हवा. व्यापारी तांडा शत्रूच्या हाती लागला म्हणजे काय होते, हे डान्सने जहाजावरून पाहिले होते आणि लॉइड्सवाल्यांनी आपल्या वहीत पाहिले होते. पुढे चोवीस वर्षांनी दोघांची गाठ पडली ती या तलवारीच्या निमित्ताने.

सुटून आल्यावर १७८७ मध्ये त्याला पहिल्यांदा स्वतःचे जहाज मिळाले. तोवर तो अडतीस वर्षांचा होता. त्यानंतरच्या सोळा-सतरा वर्षांत सांगण्यासारखे फार काही नाही. जहाज निघाले, पोचले, माल भरला, परत आले. माझ्या मते एखाद्या नोकरदार माणसाच्या आयुष्याबद्दल याहून चांगले काय लिहिणार? पण इतिहास अशा वर्षांना ओळही देत नाही.

१८०४ हे साल आले तेव्हा डान्स पंचावन्न वर्षांचा होता आणि 'अर्ल कॅम्डेन' या जहाजाचा कप्तान होता. चीनमधल्या कॅंटन बंदरातून जानेवारीच्या अखेरीस कंपनीची सोळा जहाजे इंग्लंडला निघाली. सर्वांत ज्येष्ठ कप्तान म्हणून डान्स या तांड्याचा कमोडोर झाला. मालाची किंमत ऐंशी लाख पौंड धरतात. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी. सोबत संरक्षणाला आरमाराचे एकही लढाऊ जहाज नाही.

इथे आपला संबंध येतो, म्हणून थोडे थांबते. कंपनीच्या सोळा जहाजांबरोबर अकरा 'कंट्री शिप' होती. म्हणजे भारत आणि चीन यांच्यामध्येच ये-जा करणारी, इथल्या व्यापाऱ्यांची जहाजे. त्यांची नावे वाचताना मी चमकले. 'अर्देसर', 'जहांगीर', 'शाह कैखुसरू'. ही नावे आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या कुठल्याही जुन्या पाटीवर शोभली असती. तेव्हाच्या मुंबईत पारशी व्यापारी चीनच्या धंद्यात उतरलेले होते आणि वाडिया घराण्याच्या हाताखाली सागवानी जहाजे गोदीत बांधली जात होती. मुंबईहून गुजरातचा कापूस कॅंटनला जाई, बंगालहून अफू जाई, ती विकून आलेली चांदी तिथेच कंपनीच्या खजिन्यात भरली जाई, आणि त्या चांदीवर कंपनी चहा विकत घेई. व्यापाऱ्याला बदल्यात लंडनवर किंवा कलकत्त्यावर हुंडी मिळे. म्हणजे लंडनच्या घरात जी चहाची किटली ठेवली जाई, तिच्यातले निम्मे मूल्य आपल्या बाजूच्या काळ्या मातीतून गेलेले असे.

आणि तारखा पाहा. सप्टेंबर १८०३ असई. नोव्हेंबर अरगाव. डिसेंबरात गाविलगड पडला, भोसल्यांचा देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा. मी ही तहांची जंत्री वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत होते आणि मुले पाठ करीत होती. त्यानंतर जेमतेम दीड महिन्यात हा चहाचा तांडा समुद्रावर सापडला. इकडे दख्खनमध्ये लढणारी कंपनी आणि तिकडे चहा वाहणारी कंपनी एकच. युद्धांनी तिच्या डोक्यावर कर्ज होत होते, आणि तिचा भरवशाचा नफा चीनच्या चहातून येत होता. तो तांडा गेला असता तर काय झाले असते, याचा तर्क मी करीत नाही. पण आमच्या पाठ्यपुस्तकात या दोन गोष्टी एका पानावर कधी आल्या नाहीत, एवढे खरे.

असो. समुद्राकडे वळू.

फ्रेंचांचा ॲडमिरल लिन्वा १८०३ मध्ये पॉंडिचेरी ताब्यात घ्यायला आला होता. तिथे इंग्रजांचाच जोर पाहून तो निसटून मॉरिशसला गेला, मग सुमात्रातल्या बेनकुलेनवर छापा घालून बटाव्हियाला पोचला, आणि चहाच्या तांड्याची वाट पाहत दबा धरून बसला. त्याच्याकडे चौऱ्याहत्तर तोफांचे 'मारेंगो', दोन फ्रिगेटी, एक छोटे लढाऊ जहाज आणि डचांचे एक ब्रिग. तोफा आणि शिकलेली माणसे पाहता कंपनीची जहाजे त्याच्यापुढे टिकणारी नव्हती. कंपनीच्या मोठ्या जहाजांवर तोफा होत्या, पण हलक्या. डेक मालाने भरलेला. माणसे सव्वाशे-दीडशे, तीही शिडे ओढायला घेतलेली. मात्र लांबून पाहिले तर ही जहाजे युद्धनौकांसारखी दिसत. रंग तसाच, तोफांच्या खिडक्यांच्या रांगाही तशाच.

१४ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या तोंडाशी, पुलो ऑर बेटाजवळ, अनोळखी शिडे दिसली. डान्सने ती फ्रेंचांची असल्याची खात्री करून घेतली. व्यापारी तांड्याने अशा वेळी काय करायचे ते ठरलेले असते: पांगायचे आणि ज्याने त्याने जीव वाचवायचा. डान्सने तसे केले नाही. कंपनीची जहाजे त्याने एका रांगेत उभी केली. कंट्री शिपा रांगेच्या पलीकडच्या अंगाला ठेवल्या, म्हणजे शत्रू आणि त्या यांच्यामध्ये मोठी जहाजे येतील. हे काम त्याने फाउलर नावाच्या आरमारी लेफ्टनंटवर सोपवले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करून परतताना जहाज फुटून हा फाउलर प्रवासी म्हणून घरी चालला होता. त्याच मंडळींतला सतरा वर्षांचा जॉन फ्रॅंकलिन 'अर्ल कॅम्डेन'वर निशाणे सांभाळत होता. पुढे उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात नाहीसा झाला तोच हा फ्रॅंकलिन.

लिन्वाने त्या दिवशी हल्ला केला नाही. त्याला मिळालेल्या बातमीपेक्षा जहाजे जास्त दिसत होती. मग ही जास्तीची कुठली? लढाऊ असतील काय? तांडा रात्री दिवे मालवून पळू लागला तर समजायचे की व्यापारी आहेत, असा त्याचा हिशेब. डान्सने नेमके उलटे केले. रात्रभर दिवे पेटते ठेवून तो जागच्या जागी थांबला. सकाळी चार जहाजांवर आरमाराचे निळे बावटे चढवले, बाकीच्यांवर लाल. झाले! निळे बावटे पाहून लिन्वाचा संशय पक्का झाला.

आपल्याकडे गनिमी कावा म्हणजे थोड्यांनी लपून बलाढ्याला चकवणे. इथे दुबळा माणूस उघड्यावर, भर प्रकाशात उभा राहून बलाढ्य असल्याचे सोंग करतो आहे. मला हे जास्त अवघड वाटते. लपलेल्याला पळायला वाट असते.

१५ तारखेला दुपारी एकच्या सुमारास लिन्वाने तांड्याची शेपटी तोडायचा प्रयत्न केला. तेव्हा डान्सने आपली रांग वळवली आणि सरळ शत्रूवर चालून गेला. सर्वांत पुढे कप्तान टिमिन्सचे 'रॉयल जॉर्ज'. (हे त्याच नावाचे दुसरे जहाज, पहिले १७८० मध्ये गेले.) मागोमाग 'गॅंजेस', 'अर्ल कॅम्डेन', 'वॉर्ली' आणि 'आल्फ्रेड'. पाऊण तास गोळाबार चालला. दोनच्या सुमारास लिन्वाने शिडे फिरवली आणि तो पूर्वेकडे निघाला. आणि मग जे घडले त्याला हसावे की काय करावे कळत नाही. चहाच्या जहाजांनी युद्धनौकांचा पाठलाग केला, तो चारपर्यंत! इंग्रजांकडे 'रॉयल जॉर्ज'वर एक माणूस मेला आणि एक जखमी झाला. बस्स.

लिन्वाला भित्रा म्हणणे सोपे आहे आणि पुष्कळ इंग्रज लेखकांनी ते केले. नेपोलियनही फार संतापला. पण १८०१ मध्ये याच लिन्वाने जिब्राल्टरजवळ अल्जेसिरास इथे इंग्रजांच्या मोठ्या आरमाराला मार दिला होता. तो भित्रा नव्हता. तो घरापासून हजारो मैलांवर होता, एखादी डोलकाठी तुटली तर दुसरी मिळायची मारामार. त्याने हिशेब केला आणि हिशेब चुकला. डान्सचा हिशेब बरोबर आला. पण तोही जुगारच होता. लिन्वा तासभर जास्त थांबता तर आज डान्सला मूर्ख म्हणणारे निघाले असते.

ऑगस्ट १८०४ मध्ये तांडा इंग्लंडला पोचला आणि बक्षिसांचा पाऊस पडला. राजाने डान्सला 'सर' केले. कंपनीने वर्षाला पाचशे पौंड तहहयात दिले. लॉइड्सच्या निधीने डान्सला शंभर पौंडांची तलवार दिली, इतर कप्तानांना पन्नासच्या. आणि एकरकमी मोठी देणगी कुणाची? बॉम्बे इन्शुरन्स कंपनीची, पाच हजार पौंड. लंडनच्या विमेकऱ्यांनी मानाची तलवार दिली आणि मुंबईच्या विमेकऱ्यांनी रोकड मोजली. मला यात मुंबईचा स्वभाव तेव्हापासून दिसतो. कंट्री शिपा वाचल्या म्हणजे किती जणांची जोखीम उतरली असेल, हे फोर्टातल्या त्या मंडळींना दमडीपर्यंत ठाऊक असणार.

कंपनीने पन्नास हजार पौंड तांड्यात वाटले. साध्या खलाशाच्या वाट्याला सहा पौंड आले, म्हणजे त्या काळच्या आरमारातल्या खलाशाचा साधारण चार-पाच महिन्यांचा पगार.

डान्सच्या अहवालात एक अर्धे वाक्य आहे. फाउलर कंट्री शिपा जागेवर लावून परतला तेव्हा त्याने त्या जहाजांवरून काही स्वयंसेवक बरोबर आणले, असे तो नमूद करतो. तोफांवर माणसे कमी होती म्हणून. कंट्री शिपांवर अधिकारी गोरे असले तरी खलाशी इथले असत: सारंग, तांडेल आणि त्यांच्या हाताखालचे लस्कर, गुजरातच्या, कोकणच्या, बंगालच्या किनाऱ्यावरचे. सुरक्षित अंगाला उभ्या केलेल्या जहाजांवरून काही माणसे आपण होऊन गोळागोळीच्या अंगाला गेली. माझ्या शाळेत बोटीवर जाणाऱ्यांची पुष्कळ मुले होती. "वडील काय करतात?" या प्रश्नाला "बोटीवर असतात" एवढेच उत्तर. कुठल्या बोटीवर, कुठल्या देशाच्या, ते त्यांनाही सांगता येत नसे, आणि वर्षा-दीड वर्षाने वडील एकदा घरी येत. ते अर्धे वाक्य वाचताना मला ती मुले आठवली. पात्यावर सोन्याने नावे कोरण्याची सोय होती, ती कप्तानांसाठी.

तरीही मी त्या तलवारीला नावे ठेवणार नाही. राजे-महाराजांच्या तलवारींवर किती मुडदे पडले ते अभिमानाने सांगतात. ही तलवार ज्या लढाईबद्दल दिली तिच्यात आपल्या बाजूचा एक माणूस गेला आणि हजारो घरी पोचले. देणाऱ्यांनी पैशाकडे पाहून दिली असेल, पण वाचलेल्या माणसांत आणि वाचलेल्या मालात समुद्रावर फरक करता येत नाही. जहाज बुडाले की दोन्ही बुडतात. हे पुढच्याच वर्षी दिसले. त्या तांड्यातल्या 'अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी' जहाजाचा कप्तान जॉन वर्ड्‌स्वर्थ, म्हणजे कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थचा भाऊ. त्यालाही पन्नास पौंडांची तलवार मिळाली होती. फेब्रुवारी १८०५ मध्ये त्याचे जहाज पुन्हा भारताच्या वाटेवर निघाले आणि इंग्लंडचा किनारा सुटायच्या आतच वेमथजवळ खडकावर आपटून बुडाले. जॉनसह अडीचशेवर माणसे गेली. शत्रू आसपासही नव्हता.

लिन्वाची गाठ मुंबईकरांशी पुन्हा पडायची होती. जुलै १८०५ मध्ये त्याने लंकेजवळ 'ब्रन्सविक' नावाचे चीनला जाणारे कंपनीचे जहाज पकडले. त्यावर मुंबईचा एक तरुण पारशी व्यापारी होता. त्याला आफ्रिकेच्या टोकाला नेऊन सोडण्यात आले, तिथून तो हालअपेष्टा काढत परतला. त्याच जहाजावर जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली आणि पुढे अफू-कापसाच्या धंद्यात ती दोघांनाही फळली. तो पारशी तरुण म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. मुंबईला जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा ज्यांच्या दानातून मिळाली ते. स्वतः लिन्वा १८०६ मध्ये फ्रान्सला परतताना इंग्रजांच्या हाती सापडला आणि १८१४ पर्यंत कैदेत राहिला.

आणि तलवारी? त्या देणे १८०९ मध्ये बंद झाले. ट्रफाल्गरनंतर मानकरी वाढले, वर्गणी आटली, आणि जखमी व विधवा यांची रांग लांबत गेली. मग निधीने मानाच्या भेटी थांबवल्या आणि उरलेला पैसा त्या रांगेकडे वळवला. तो निधी आजही आहे आणि सैनिकांच्या कुटुंबांना मदत करतो.

डान्स १८०४ नंतर पुन्हा समुद्रावर गेला नाही. त्याचे 'अर्ल कॅम्डेन' मात्र फेऱ्या करीत राहिले. १८१० च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, ते मुंबई बंदरात उभे असताना आग लागून जळाले. डान्स तेव्हा इंग्लंडात निवृत्त होता. तो १८२७ मध्ये लंडनजवळच्या एनफिल्ड इथे वारला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.